वाघाच्या पाठीमागचे गोटे

मी तो वाघ पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचा जबडा रंगवायचा राहिला होता. समोरून दिसणारं बाकीचं अंग पिवळं झालं होतं, तोंडावरचे आणि छातीवरचे पट्टे ओढून झाले होते, आणि तोंडाच्या आत नुसता सिमेंटचा राखाडी खड्डा होता. शेजारी एक रंगारी ताटलीत लाल रंग कालवत बसला होता. त्यानं मला न विचारताच सांगितलं, की जिभेचा लाल आणि हिरड्यांचा लाल वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर फोटोत सगळं एकच दिसतं. ज्या सपाट जागेवर तो वाघ पुढचे पंजे उचलून उभा होता, त्या जागेवर माझी आई मेली होती.

आमचं गाव सालेकशाच्या पुढे, पहाडीच्या पायथ्याशी आहे. मी गोंदियाला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि सुट्टीत पॅसेंजरनं गावी जाते. धाकटा भाऊ गावातच असतो. धानाची शेती करतो, आणि जंगलाची देखभाल करणारी जी गावसमिती आहे तिचा तो अध्यक्ष आहे. त्यानं फोनवर मला सांगितलं होतं, की पहाडीवर निसर्ग पायवाट होऊन राहिली, वरपर्यंत शिल्पं लावून राहिले, तू आली की दाखवतो. कुठे काय लावलं ते सांगितलं नव्हतं. मी आले त्या दिवशी तो काही कामाचं निमित्त काढून सालेकशाला गेला होता. आता वाटतं, मुद्दामच गेला असेल.

पायवाटेच्या तोंडाशी लाकडाच्या ओंडक्यांची कमान आहे. ओंडके सिमेंटचे आहेत. सागाच्या जंगलात उभं राहून सिमेंटच्या लाकडावर गाठी आणि साल कोरण्यासाठी कुणीतरी बरेच दिवस घालवले असणार. आत शिरलं की पेंग्विन आहे. त्याच्या पोटाला भोक आहे आणि भोकाखाली ‘मला वापरा’ असं लिहिलं आहे. मग हरणांचा कळप, ज्यातल्या प्रत्येक हरणाला लांब पापण्या आहेत. मग हात पुढे करून उभं असलेलं अस्वल, लग्नात पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या काकासारखं. आमच्याकडे अस्वलानं चेहरा सोलून काढलेली माणसं बाजारात भेटतात. त्यातल्या कुणाला या अस्वलासमोर उभं करून विचारावं असं मला वाटलं, पण अशा गोष्टी वाटण्यापुरत्याच असतात.

वाटेच्या मध्यावर मोह वेचणारी बाई आहे. तिला जांभळं नेसवलं आहे, गळ्यात माळा घातल्या आहेत, कमरेवर टोपली दिली आहे. ती ताठ उभी आहे आणि हसते आहे. मोह कुणी उभ्यानं वेचत नाही. मोहाची फुलं जमिनीवर पडतात आणि ती वेचायला पहाटेपासून ऊन चढेपर्यंत कमरेत वाकावं लागतं. हे शिल्पकाराला माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण वाकलेल्या बाईचा फोटो चांगला येत नसावा.

आई वाकलेलीच होती. चैत्राचे दिवस होते. आमच्या वाट्याचं मोहाचं झाड त्या सपाटीच्या थोडं वर, उतारावर आहे. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा जाळून तिनं जमीन साफ केली होती आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना शेजारच्या काकीबरोबर टोपली घेऊन गेली होती. काकीचं झाड पलीकडे होतं. काकीनं सांगितलेलं सगळं मी इथे लिहिणार नाही. वाघानं तिला मागून धरलं आणि उतारावरून त्या सपाटीपर्यंत ओढत आणलं. तिथे काकीच्या ओरडण्यामुळे म्हणा किंवा आणखी कशामुळे, त्यानं तिला सोडलं. गावातली माणसं काठ्या घेऊन वर पोचली तेव्हा ती तिथे होती, आणि तिच्यात जीव नव्हता. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं, असं नंतर पंचनाम्याला आलेले लोक आम्हाला समजावत होते. जणू वाकण्यात आईची काही चूक झाली होती.

आमच्या भागात वाघानं किंवा अस्वलानं माणूस मारला, की त्या जागेवरून जाणारा प्रत्येक जण एक गोटा ठेवून पुढे जातो. गोटा मिळाला नाही तर डहाळी मोडून टाकतो. का ठेवायचा याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणी म्हणतं मेलेला माणूस मागून हाक मारत नाही, कुणी म्हणतं त्याला एकटं वाटत नाही, आणि पुष्कळ जण म्हणतात, ठेवतात म्हणून ठेवायचा. आईच्या जागेवरचा पहिला गोटा काकीनं ठेवला. मग गोंडांच्या बायकांनी, पोवारांच्या बायकांनी, आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी, तेंदूपत्त्याला येणाऱ्या परगावच्या मजुरांनी, गुरं चारणाऱ्यांनी. तिला ओळखत नसलेल्यांनीही. ढीग वाढत कमरेपर्यंत गेला. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं, उन्हाळ्यात वाळलेल्या डहाळ्या करकरायच्या.

फक्त आमच्या घरून तिथे गोटा गेला नाही. वडील बौद्ध होते, त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि वडिलांच्या लेखी हा धर्म म्हणजे केवळ घरातला फोटो नव्हता. आईचं पुण्यानुमोदन त्यांनी घरी केलं. मेणबत्ती, वंदना, आलेल्यांना जेवण. गोटा ठेवणाऱ्यांना त्यांनी कधी अडवलं नाही, पण आम्हा दोघांना सांगितलं की आपण ठेवायचा नाही. ते स्वतः त्या बाजूनं गेले की ढिगाला वळसा घालून जात आणि पलीकडे थोडं थांबत. मलाही ते पटत होतं. आजही पटतं. तरी सुट्टीत आले की मी वर जात असे आणि ढिगाशेजारी बसून पुस्तक वाचत असे. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचत असताना ती नेहमी शेजारी काहीतरी निवडत बसायची, म्हणून ती सवय मी तशीच पुढे चालवली.

आता तिथे वाघ होता आणि ढीग नव्हता.

मी रंगाऱ्याला विचारलं, इथले गोटे कुठे गेले. त्यानं मुख्य कारागिराकडे बोट दाखवलं. तो छत्तीसगडकडचा होता, सावलीत बसून डबा खात होता. फार अदबीनं उठला. हिंदीत म्हणाला, “बहनजी, बहुत अच्छा हुआ, पत्थर यहीं जमा मिल गए. नीचे से ढोने पड़ते तो आठ दिन और लगते.” मग त्यानं पायानं चौथऱ्यावर ठोकून दाखवलं. सगळे गोटे आत भरणात गेले होते, वरून सिमेंट. काम पक्कं झालं होतं. त्याला माझ्याकडून शाबासकी हवी होती.

त्याला मी काय म्हणणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ज्याला ठाऊक होतं तो सालेकशाला होता.

भाऊ संध्याकाळी आला. जेवताना मी विषय काढला नाही, त्यानंही काढला नाही. त्याची बायको दोघांकडे पाहत वाढत होती. शेवटी तोच म्हणाला, की जागा वनखात्याच्या साहेबांनी पाहून ठरवली, तिथून खालचा तलाव दिसतो, सपाट तेवढीच एक जागा आहे, वाघ दुसरीकडे बसला नसता. मी विचारलं, साहेबांना तू सांगितलं का, ही कोणती जागा आहे. तो म्हणाला, सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, सगळ्यांना म्हणजे कुणाला, तू तुझ्या तोंडानं सांगितलं का. त्यानं भाताचा घास घेतला आणि बराच वेळ चावला.

“सांगितलं असतं त ते शिल्प वर नेलं असतं,” तो म्हणाला. “वर चढाले पब्लिक कंटाळते. मंग टपऱ्या कोनाच्या चालतील, बाई? गावात काम नाही. पोरं नागपूरले जाऊन राहिले.”

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. त्या दिवशी त्यानं ज्या आवाजात म्हटलं, तो एखाद्या ऑफिसातल्या बाईला बोलायचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना जाऊन भेटले. तरुण होते, सभ्य होते, पुस्तकं वाचणारे होते, आणि मी कुठे काम करते हे कळल्यावर जास्तच सभ्य झाले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं. मग ते म्हणाले, की आपण तिथे एक माहितीफलक लावू. त्यावर आईंची घटना देऊ, जंगलात जाताना काय काळजी घ्यावी हेही देऊ, लोकांना उपयोग होईल. मी विचारलं, फलक वाघाच्या कोणत्या बाजूला लावाल. ते म्हणाले, समोर, जिथून फोटो काढतात तिथे. एवढं बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी चहा मागवला. मी फलक नको म्हणाले. वाघ हलवता येईल का विचारलं. ते म्हणाले, आता सळया जमिनीत गेल्यात, फोडावाच लागेल, आणि उद्घाटन ठरलंय. चहा न पिता मी उठले. हे मी अभिमानानं सांगत नाही. त्यानं काही झालं नाही.

उद्घाटन झालं, मी गेले नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पुन्हा गावी आले तेव्हा सकाळी पायवाटेनं वर गेले, आणि वाघासमोर गोटे दिसले. चौथऱ्याच्या पुढे, पंजांखाली, हाताच्या ओंजळीएवढे गोटे एकावर एक. पत्त्याचे गठ्ठे डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बायका थांबत होत्या, एक हात गठ्ठ्याला तसाच ठेवून गुडघ्यात वाकत होत्या आणि दुसऱ्या हातानं गोटा ठेवून पुढे जात होत्या. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. वाघ आला म्हणून जागा बदलली असं त्यांच्यापैकी कुणालाही वाटलं नव्हतं. मी त्या दिवशी बराच वेळ तिथे बसले. आई गेल्यापासून एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. उतरताना त्या पेंग्विनचाही राग आला नाही.

तो हलकेपणा पावसाळ्यापर्यंत टिकला.

पावसाळ्यात धबधब्यांच्या निमित्तानं बाहेरची माणसं येतात. गोंदियातून, बालाघाटकडून, राजनांदगावकडून गाड्या येतात. त्यांनी वाघासमोर गोट्यांचा ढीग पाहिला आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. इथे गोटा ठेवला की इच्छा पुरी होते. मी पोळ्याच्या सुट्टीत आले तेव्हा वाघाच्या कपाळावर शेंदूर होता, गळ्यात झेंडूचा हार होता, पंजाला लाल दोरा होता. पुढे नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या. गोट्यांचा ढीग मांडीपर्यंत आला होता आणि त्यातल्या अर्ध्या गोट्यांना हळद-कुंकू लागलं होतं. आईचे कोणते आणि वाघाचे कोणते हे आता कुणाला वेगळं करता आलं नसतं.

एक जोडपं लहान मुलीला घेऊन आलं होतं. मी तिथे पुस्तक घेऊन बसले होते म्हणून बाईला वाटलं, मी तिथली कुणी आहे. तिनं विचारलं, “माँजी, यहाँ क्या माँगते हैं?” मी म्हटलं, काही मागायचं नसतं, इथे एक बाई मोह वेचताना वाघानं मारली, ते गोटे तिचे आहेत. ती दचकली. मुलीला तिनं जवळ ओढलं. मग दोघांनी आपसात हळू काहीतरी बोलून घेतलं, आणि ती पुन्हा पुढे गेली आणि आधीपेक्षा जास्त भक्तिभावानं हात जोडून उभी राहिली. वाघ खरा होता हे मी तिला सांगितलं होतं ना. मीच त्याचा महिमा वाढवून ठेवला होता.

खाली आले तेव्हा भाऊ कमानीजवळ एका माणसाला कठड्याची जागा दाखवत होता. गर्दी होते, लोक चौथऱ्यावर चढतात, म्हणून वाघाभोवती लोखंडी कठडा करायचा होता, आणि वर एक घंटा. मी त्या माणसासमोरच विचारलं, आपल्या घरात कधीपासून घंटा वाजायला लागली. भावानं त्याला चहा प्यायला पाठवलं.

मी त्याला पुष्कळ बोलले. बाबा असते तर, असं म्हणाले, जे मी एरवी कधी म्हणत नाही. आईला ज्यानं मारलं त्याला हार घालतात आणि तू त्याचा पुजारी झालास, असं म्हणाले. तो ऐकत राहिला. त्याची मान आईसारखी आहे, रागावला की डाव्या बाजूला कलते. मग तो म्हणाला:

“बाई, आपल्या घरून एक तरी गोटा गेला का तिथं? नाही ना? मंग ज्यायनं ठेवले त्यायचे ते गोटे. ते वाघाले देतात का मायले देतात, तू कोन विचारनारी?”

घाव घालायला त्यानं शोधून काढलेली जागा बरोबर होती. एवढी वर्षं त्यानं ती जपून ठेवली असेल का, की तिथल्या तिथे सुचली, हे मला आजही ठरवता येत नाही. मी घरात गेले आणि पिशवी भरली. गाडीला वेळ होता तरी स्टेशनवर जाऊन बसले.

तिथे बसल्या बसल्या मला एवढंच कळत होतं, की वाद वाघाचा नाही. वाघ राहणारच. शेंदूरही राहणार. पण कुणी बाई डोक्यावर ओझं घेऊन माझ्या आईसाठी थांबते, ते थांबणं दुसऱ्याच्या पंजाखाली जमा होत होतं. तेवढं मला सोडवून घ्यायचं होतं. कसं, ते सुचत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी सरळ घरी गेले नाही. सकाळच्या गाडीनं उतरून पायवाटेनं वर गेले. धान कापणीचे दिवस, आणि बाहेरचे पाहुणे अजून यायचे होते. घंटा लागली होती. कठडा तीन बाजूंनी होता. मागच्या बाजूला उतार आहे, तिकडून कुणी येत नाही म्हणून मागे कठडा लावला नव्हता. मी पहिल्यांदाच वाघाच्या पाठीमागे गेले.

मागे वाघ नव्हता. म्हणजे पाठ होती, मागचे पाय होते, सळईवर गुंडाळलेली शेपटी होती, पण रंग कमरेशी संपला होता. पट्टे तिथेच तुटले होते. त्यापुढे कच्चं सिमेंट, थापीचे फटकारे आणि एका ठिकाणी उघडी पडलेली गंजकी जाळी. फोटोत न येणाऱ्या भागावर कुणी रंग खर्च केला नव्हता. चौथऱ्याचा गिलावाही मागे अर्धवट होता, आणि त्यातून आतल्या भरणातले गोटे दिसत होते. ते मी ओळखले. एक पांढऱ्या गारेचा, एक तांबडा, एक असा की ज्याच्यावरचं वाळलेलं शेवाळ अजून सुटलं नव्हतं. आई ओढली गेली ती या बाजूनं. मोहाचं झाड इकडेच, वर आहे.

मी पिशवी खाली ठेवली, पुढे आले आणि गोटे उचलायला लागले. हळदीचे, कुंकवाचे, साधे, सगळेच. वेगळे करायचे नाहीत असं मी ठरवलं. ओच्यात घेऊन मागे नेऊन त्या उघड्या भरणाला टेकवून रचत गेले. मला अशा कामाची सवय नाही. बोटं खरचटली, पदर फाटला. नारळ आणि हार मी वाघासमोर तसेच ठेवले. त्याचं त्याला.

काकी वर आली तेव्हा निम्मे गोटे हलले होते. तिची टपरी वाटेवर खाली आहे, भजी आणि चहाची, भावानंच तिला मिळवून दिलेली. तिच्यासोबत सरपणाला निघालेल्या आणखी दोघी होत्या. काकी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

“चोरी करून राहिली का पूजा करून राहिली?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, मागे नेते आहे. समोर ठेवले की वाघाला जातात.

ती मागे गेली. तिथला रंग न दिलेला भाग तिनंही पहिल्यांदाच पाहिला असावा. परत आली ती हसू दाबत. बाकीच्या दोघींना म्हणाली, “जा, पाहून या. वाघाले लुगडं पुरलं नाही.” दोघी गेल्या आणि तिकडून त्यांचं हसणं ऐकू आलं. त्यातली एक म्हणत होती, की मागून पाहिलं असतं तर देव कोणी केला नसता. दुसरी म्हणाली, देवाचं कोण मागून पाहते.

काकी माझ्याजवळ आली. तिला माझ्याबद्दल फार प्रेम आहे असं मला कधी वाटलेलं नाही. आई गेली तेव्हा ती तिथे होती आणि मी नव्हते, यावरून आमच्यामध्ये काहीतरी आहे, ते आम्ही कधी बोललो नाही.

“मी तुया भावाले बोलनार नाही,” ती म्हणाली. “त्यानं मले टपरी देली. मी भजे इथंच विकीन, ह्याच वाघाच्या भरोशावर. तू मले त्याच्यात ओढू नको.”

मी म्हटलं, नाही ओढत.

“पन गोटा तुया मायचा आहे,” ती म्हणाली. तिनं आजूबाजूला पाहिलं, उतारावरचा एक गोटा हलवून काढला, त्यावरची माती लुगड्याला पुसली, आणि वाघाच्या शेपटीखाली जाऊन ठेवला. तिच्या मागून त्या दोघींनीही ठेवले. मग तिघी खाली गेल्या. मला मदत करावी असं त्यांना वाटलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

भावाला कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही. ऊन चढलं तेव्हा तो वर आला. पायांना धानाच्या बांधीतला चिखल होता, म्हणजे कापणी सोडून आला होता. वाघासमोरची जागा रिकामी होती. हार, नारळ आणि सिमेंटच्या पुढे झाडून काढल्यासारखी मोकळी जमीन. त्यानं मागे जाऊन ढीग पाहिला. तिथेच थोडा वेळ थांबला. मला वाटलं, आता तो काही वेगळं बोलेल. त्याची मान कललेली होती, पण ती रागानं की आणखी कशानं, हे पाठमोऱ्या माणसाचं ओळखता येत नाही.

“पब्लिक समोर पाहते,” तो परत येऊन म्हणाला. “समोर जागा रिकामी दिसली त येनं बंद होते. मी हे परत समोर आनीन.”

“आण,” मी म्हटलं.

“तू कितीदा नेशील?”

ओच्यात गोटे होते, ते मागे नेऊन ठेवले आणि पुढच्या खेपेला आले. तो कठड्याला टेकून उभा राहिला. उरलेले सगळे नेईपर्यंत उभा राहिला. अडवलं नाही, हात लावला नाही. शेवटचा नेऊन मी परत आले तेव्हा तो उतरून गेला होता. त्या दिवशी मी घरी गेले नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत गोंदियाला आले.

त्यानं ते समोर आणले. पुढच्या वेळी गेले तेव्हा ढीग पंजांखाली नीट गोल रचलेला होता, वरून चुन्याचा हात मारलेला. मी पुन्हा मागे नेले. तेव्हापासून हेच चाललं आहे. तो आणवतो, मी नेते. आम्ही बोलत नाही. मी गावी जाते ती पहाडीवर, आणि तिथूनच परतते. त्याची बायको एकदा खालून डबा घेऊन आली आणि कमानीजवळ थांबून राहिली. तो मी घेतला, कारण तिचा यात काही दोष नाही.

मागच्या ढिगात मात्र काही गोटे असे असतात, जे मी ठेवलेले नसतात. चुना नसलेले, कुंकू नसलेले, ओल्या मातीचे. भावाची माणसं समोर न्यायला येतात तेव्हा ते तसेच राहतात. विसरतात, की मुद्दाम सोडतात, ते मी कुणाला विचारलं नाही. हात लावून पाहते, मोजत नाही. मी अजून माझा म्हणून एकही गोटा ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही. आपल्या घरून एकही गोटा गेला नाही, हे भावाचं बोलणं खरं होतं, ते मी तसंच राहू देणार आहे. मी फक्त दुसऱ्यांनी तिला दिलेलं तिच्याकडे पोचवते.